पाठ न दिसणारा खिसा

मुलीचा खिसा मोठा आणि मुलाचा लहान, असं माप सांगत गुरुजी आले, त्या दिवशी मी त्यांना दारातूनच वाटेला लावायला हवं होतं. त्याऐवजी मी चहा ठेवला, साखर जरा जास्तच घातली आणि खुर्ची पुसून दिली. माझ्या धाकट्या बहिणीचा फोटो त्यांच्या अल्बममध्ये होता ना! लग्नाची बहीण घरात असली की माणसाला गोड बोलावं लागतं. माझी जीभ मुळात तिखट, त्यामुळे मला त्याचा त्रास जास्त होतो.

गुरुजी म्हणजे निवृत्त शिक्षक. आता ते लग्नं जुळवतात. वारंगा फाट्यावरच्या एका हॉटेलात त्यांचं ठरलेलं बाकडं आहे. नांदेडची, हिंगोलीची, यवतमाळकडची, कुठलीही गाडी तिथे थांबते, त्यामुळे दोन्हीकडच्या मंडळींना सोयीचं पडतं. पहिली बोलणी तिथे होतात आणि पुढे जमण्यासारखं वाटलं तर गुरुजी अल्बम काखेत मारून मुलाच्या घरी जातात. मुलामुलींचे फोटो आता मोबाईलवर फिरतात हे त्यांना चांगलं ठाऊक आहे. ते स्वतःही पाठवतात. पण त्यावर त्यांचा भरवसा नाही.

"मोबाईलमंदी समद्याच पोरी गोऱ्या दिसून राहिल्यात ताई," ते म्हणाले. "बायांना फोटो हातात घिऊन बघायचा असतो. त्याबिगर बोलणं म्होरं सरकत न्हाई."

त्यांचा जुना अल्बम चिकटपानांचा होता. चिकटपणा संपून फोटो गळायला लागले होते. एकदा तर एकीचा फोटो आणि दुसरीची पत्रिका अशी जोडी एका घरी गेली, आणि पत्रिका जुळली म्हणून त्या घरचे खूश झाले. निस्तरता निस्तरता गुरुजींना घाम फुटला. म्हणून त्यांना आता खिशांची पानं हवी होती.

हिंगोलीत आमचा फोटो स्टुडिओ आहे. पुढे नवरा फोटो काढतो आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत मी अल्बमची पानं बनवते. मधे काळा जाड कागद, दोन्ही बाजूंना पारदर्शक प्लास्टिक, तीन कडा गरम पट्टीखाली दाबून सील करायच्या, चौथी उघडी ठेवायची आणि कडेला फाईलसाठी भोकं पाडायची. ऐकायला सोपं वाटतं. ज्याला सोपं वाटतं त्याने मे महिन्यात येऊन तासभर माझ्या मशीनवर बसून दाखवावं. खिसा केसभर घट्ट झाला तर फोटोचे कोपरे दुमडतात, केसभर सैल झाला तर फोटो आत तिरका होऊन बसतो. लाइट कमी-जास्त झाली की पट्टी थंड पडते आणि सील नुसतं वरवर धरतं. दिसायला छान, महिन्याभरात उसवलेलं. हळदीच्या हंगामात बाजारातली पिवळी धूळ उडत येते आणि प्लास्टिकला अशी बिलगते की कितीही पुसा, खिशाच्या आत एक पिवळट झाक राहतेच.

हे सगळं सांभाळून पान बनवावं, तर लोक त्यात फोटो सोडून सगळं कोंबतात. लेकराचं जावळ, देवाचा अंगारा, लाइटचं बिल, नातेवाईकाने कधीतरी दिलेलं व्हिजिटिंग कार्ड. मग खिसा फाटला म्हणून भांडायला माझ्याकडेच येतात. आणि आता तर लग्नाचे अल्बम पुस्तकासारखे छापूनच येतात, त्यांना खिसा लागत नाही. अशात कुणी पानं बनवून मागितली की खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा.

गुरुजींनी जुना अल्बम टेबलावर उघडला. डावीकडे मुली. सगळ्या उभ्या, डोक्यापासून पायापर्यंत, साडीत, हात कुठे ठेवावेत हे न कळलेल्या. उजवीकडे मुलं. पासपोर्ट साइझ. कुणाचा फोटो बँकेच्या फॉर्मसाठी काढलेला, कुणाचा नोकरीच्या अर्जासाठी, एकाच्या कोपऱ्यावर तर स्टेपलरची भोकंसुद्धा होती.

मी आधी दोन्हींना सारखाच खिसा केलेलं एक पान बनवून दाखवलं. मुद्दामच. गुरुजींनी एका मुलाचा फोटो त्यात सोडला, तो घसरत जाऊन तळाशी आडवा पडला.

"हे कसं जमंल?"

"मुलांनापण उभे फोटो काढायला सांगा. आमच्याकडेच पाठवा, आम्ही चांगले काढून देऊ."

गुरुजी हसले. "ताई, पोराला कोन उभं करून बघून राहिलंय? पोराची नोकरी बघतेत, वावर बघतेत. तुमी आपले लहान खिसे करा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण चहाचा कप उचलून आत गेले आणि पितळी पट्ट्यांचं माप बदलून घेतलं. पाच बाय सातचा एक खिसा मुलीसाठी. त्याच्यासमोर पासपोर्टचा एक खिसा मुलासाठी. आपल्याच हाताने आपण हे करतोय, असं मशीनचं पायडल दाबताना प्रत्येक वेळी वाटत होतं.

पण खरी कटकट मापाची नव्हतीच. कटकट होती खिसा उघडा कुठून ठेवायचा याची.

आमच्याकडच्या बायका मुलीचा फोटो हातात घेतात तो समोरून बघायला नव्हे. समोरून तो अल्बममध्येही दिसतो. त्यांना तो बाहेर काढून उलटा करायचा असतो. मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि शिक्क्याखाली तारीख. माझा नवरा प्रत्येक फोटोमागे जांभळ्या शाईचा शिक्का मारतो, त्याचे वडीलही मारायचे. त्या तारखेवरून बायकांना कळतं, की ही मुलगी किती दिवसांपासून दाखवतायत. तारीख ताजी असली तर फोटो सुलटा होतो आणि मग नाक, डोळे, उंची. तारीख जुनी असली तर फोटो सुलटा व्हायच्या आधीच त्या एकमेकींकडे बघतात. "इतकी वर्सं जमलं न्हाई म्हंजे कायतरी असंलच की." मुलाच्या फोटोची पाठ मात्र आजवर कुणी बघितलेली मला माहीत नाही.

माझ्या बहिणीचा फोटो पाच वर्षांपूर्वीचा होता. तिला एका ऑफिसात क्लार्कची नोकरी लागली तेव्हा माझ्या नवऱ्यानेच काढलेला. हिरवी साडी, जरा जास्तच ताठ मान. तेव्हापासून तो किती घरी जाऊन आला कोण जाणे. दर वेळी एकच निरोप यायचा, पत्रिका जुळत नाही. एकदा आईने हट्टाने त्याच फोटोची नवी प्रत काढून नव्या तारखेचा शिक्का मारून घेतला. तर सेनगावकडच्या एका बाईने तो बघताक्षणी म्हटलं, "ही पोरगी तर आमी पुतण्यासाठी बघितली व्हती की, ह्याच साडीत." त्यानंतर बहिणीने सांगून टाकलं, की आता ना नवी तारीख, ना नवा फोटो. जुना आहे तोच राहू द्या. ज्याला करायचंय तो करेल.

आणि मग शिरड शहापूरचं स्थळ आलं.

मुलगा वसमतला ज्युनिअर कॉलेजात शिकवायला होता. तो कसल्याशा दाखल्यासाठी माझ्या बहिणीच्या ऑफिसात आला होता, कागद अपुरे होते म्हणून तीन-चारदा यावं लागलं, आणि तेवढ्यात दोघांचं बोलणं झालं. पुढे गुरुजींच्या अल्बममध्ये त्याचा फोटो बघून ती हसायलाच लागली. फोटोत भरपूर केस होते, तिने बघितलेल्या माणसाला फारसे उरले नव्हते. हसून झाल्यावर ती मला म्हणाली, "आक्का, ह्याच्या घरी विचारलं तर मला चालंल." इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच असं म्हणाली होती. मला इतका आनंद झाला की मी रात्रीच्या भाजीत मीठ घालायचं विसरले.

आईला हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच ती माझ्या खोलीत येऊन प्लास्टिकच्या रोलच्या खोक्यावर बसली.

"असा खिसा कर की पाठ दिसणारच न्हाई."

"म्हणजे कसा?"

"ते मला काय ठावं? तू करतीस ना खिसे? फोटो भाईर निघायलाच नको. काळ्या कागदाला टेकून बसला की मागचं कुणाला दिसतंय?"

"आई, बायका ओढून बघतात."

"म्हनून तर सांगून राहिले. एवढं एक स्थळ जाऊ दे. माझं एवढं ऐक बाई."

मी चिडले, बोलले, आणि शेवटी ऐकलं. खरं सांगायचं तर तो प्रश्न सोडवायला मला मजाही आली. वरचं तोंड बंद केलं, खालचं बंद केलं, बाहेरची कडही सील केली आणि खिसा उघडा ठेवला तो फाईलच्या कड्यांच्या बाजूला. कड्या उघडून पान सोडवलं तरच फोटो आत घालता किंवा काढता येणार. पान फाईलमध्ये असेल तर कितीही बोटं फिरवा, हाती काही लागणार नाही. तोंडाशी प्लास्टिक थोडं आत दुमडलेलं ठेवलं, म्हणजे फोटो आपणहून सरकणार नाही. चार-पाच पानं वाया गेली तेव्हा ते दुमडणं साधलं. इतकं चांगलं पान मी त्याआधी बनवलं नव्हतं. सगळ्या मुलींच्या पानांना मी तसाच खिसा केला, नाहीतर एकटं माझ्या बहिणीचं पान वेगळं दिसलं असतं. बहिणीला यातलं काही सांगू नको असं आईने बजावलं होतं.

गुरुजींनी पान उलटसुलट करून बघितलं. "झ्याक. पोरींच्या घरचे खूश व्हतील." पोरांच्या घरचे काय होतील, हे तेही बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

ते शिरडला जाऊन आले ते आमच्या आईकडे गेलेच नाहीत, थेट माझ्या खोलीत आले. एवढ्यावरूनच मी काय ते समजले. त्यांनी पिशवीतून बहिणीचं पान काढून टेबलावर ठेवलं. खिसा वरून आडवा चिरला होता, सरळ, पट्टी लावल्यासारखा.

"हे काय?"

"पोराच्या आत्यानं केलं. तिनं वरून बोट घातलं, बंद. खालून घातलं, बंद. म्हनली, फोटो निघंना काहून? म्या म्हनलं, नव्या तऱ्हेचा खिसा हाये. म्हनली, मंग पाठीमागं काहीतरी लपवलेलं असणार. लेकराच्या कंपासमधलं ब्लेड आणलं अन् कापला. म्या व्हय-न्हाई म्हनेस्तवर कापला बी."

"आणि तारीख बघितली."

"बघितली."

"आणि मुलगा? तो कुठं होता?"

"तिथंच की. पेपर वाचून राहिला व्हता."

मी विचारलं, तो काही बोलला का. गुरुजी म्हणाले, घरच्या मोठ्यांच्या तोंडावर तो काय बोलणार. मग त्यांनी निरोप सांगितला. पत्रिका जुळत नाही.

मग मात्र माझी जीभ सुटली. मी म्हणाले, त्या पेपर वाचणाऱ्याच्या फोटोची पाठ बघितली का कुणी? डोक्यावर केस असतानाचा फोटो आहे तो, किती वर्षांचा असेल? माझ्या बहिणीचा फोटो निदान तिच्यासारखा दिसतो. घरी आलेल्या माणसाची वस्तू ब्लेडने कापतात, त्याला काय म्हणायचं? लपवलं म्हणून राग, आणि नसतं लपवलं तरी हाच निरोप, मग आम्ही करायचं तरी काय? गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. ऐकण्याची त्यांना सवय असावी. मी थांबल्यावर ते एवढंच म्हणाले, "तुमचं बराबर हाये ताई. पर पान तेवढं बदलून द्या."

दारात स्कूटी थांबली. जेवणाच्या सुट्टीत बहीण कधीकधी डबा घेऊन माझ्याकडे येते, तशीच आली होती. गुरुजींना बघून तिचा चेहरा उजळला आणि लगेच टेबलावरचं पान दिसलं. कुणी काही सांगायच्या आधी तिने ते उचललं.

मी तिला सगळं सांगितलं. आत्याचं, ब्लेडचं, तारखेचं. शेवटी तिने गुरुजींना विचारलं, "तो तिथं होता?"

"व्हता."

"काही बोलला?"

"न्हाई."

"काहीच नाही?"

गुरुजींनी मान हलवली. ती खिशाची चीर बोटाने उघडून बघत होती. मग माझ्याकडे वळली. "हा खिसा असा कुणी करायला सांगितला होता?"

"आईनं."

"मला विचारायचं होतं, आक्का. त्याच्यापासून लपवायचं काय होतं? माझं वय त्याला माहीत आहे. मी सांगितलंय. किती स्थळं येऊन गेली तेपण सांगितलंय. म्हणाला, त्यानं काय होतं. हसून म्हणाला." तिने पान टेबलावर आपटलं. "त्याला सगळं माहीत होतं. आणि पेपर वाचत बसला."

आत्याचा राग मला करता येत होता, मी मघापासून तोच करत होते. या गोष्टीला कुठला राग पुरणार?

तिने चिरेतून स्वतःचा फोटो ओढून काढला आणि पर्समध्ये टाकला. गुरुजी उठून उभे राहिले. "आसं करू नका बाई. परभणीकडचं एक स्थळ हाये, चांगली माणसं हायेत, थोडं सबुरीनं घ्या."

"गुरुजी, लग्न करायचं नाही असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "मलापण वाटतं आपलं घर असावं. लई वाटतं. पण ह्या अल्बममधून नको आता. तुमचे उपकार आहेत." तिने वाकून त्यांना नमस्कारही केला. डबा न उघडताच ती ऑफिसला गेली. मशीनची पट्टी मघापासून तापून वास मारत होती, ती मी बंद केली.

गुरुजी खाली बसले, पाणी प्यायले आणि बहिणीबद्दल दोन चांगले शब्द बोलले. खरोखर वाईट वाटून बोलले, मी त्यांच्यावर खोटा आळ घेणार नाही. मग त्यांनी पुन्हा पानाचं काढलं. मी त्यांना नवं पान दिलं. करून ठेवलेलंच होतं. त्यांनी पिशवीत हात घालून एक पाकीट काढलं आणि त्यातला फोटो माझ्यापुढे धरला. कळमनुरीकडची मुलगी, बी.एस्सी. झालेली, घरचे सज्जन.

"रिकामं पान घिऊन कशाला फिरायचं?" ते म्हणाले. "तुमीच घाला ताई, तुमच्या खिशाचं मला जमत न्हाई."

मी फोटो हातात घेतला. निळी साडी, उभी, हात कुठे ठेवावेत हे तिलाही कळलं नव्हतं. खिशाचं दुमडलेलं तोंड एका हाताने उघडून मी फोटो आत सरकवणार, तेवढ्यात माझ्या दुसऱ्या हाताने तो उलटा केला आणि मी तारीख बघितली.

"ताजा हाये, गेल्या हप्त्यातला," गुरुजी म्हणाले. मी त्यांना काही विचारलं नव्हतं.